कुंपणाबाहेरची तार

मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा ४५ च्या वर गेला, तरी इथे त्याचं कुणाला अप्रूप नाही. अशा वेळी हायवेलगतच्या टॉवरवरच्या तारा बघा. पहाटेपेक्षा त्या खाली आलेल्या असतात. दोन टॉवरमध्ये ३०० मीटर अंतर धरलं आणि तार ३० अंशांनी तापली, तर तिची लांबी वाढते जेमतेम १७ सेंटिमीटर. झोळ मात्र मीटरभर वाढू शकतो. कपडे वाळत घालायची दोरी जराशी सैल केली की मधोमध कशी खाली येते, तसंच. वाहत्या विजेनेही तार तापते, म्हणून ती जमिनीच्या फार जवळ येऊ नये यासाठी तिच्यातून वीज बेतानेच सोडावी लागते. आणि नेमके तेव्हाच घरोघरी कूलर घरघरत असतात.

ट्रान्सफॉर्मरचं दुखणं वेगळं. आतल्या वेटोळ्यांवर कागदाचं वेष्टण असतं. ९८ अंशांच्या वर दर ६ अंशांना त्या कागदाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पूर्वी रात्रीच्या गारव्यात त्याला उसंत मिळायची. आता रात्रीही भिंती तापलेल्याच.

भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. वरणगावला काडतुसं बनतात. फाटकावर पहारा कडक, पण वीज आणि पाणी येतं कुंपणाबाहेरून. माझ्या मते खरी नाजूक जागा तीच. जनरेटर आहेत म्हणाल, तर उन्हात इंजिनाचीही ताकद उतरते आणि डिझेलचा टँकर रस्त्यानेच यावा लागतो. अमेरिकेत २०१८ साली मायकेल चक्रीवादळाने फ्लोरिडातला टिंडल हवाई तळ उद्ध्वस्त केला; पुढच्याच वर्षी नेब्रास्कातल्या ऑफट तळाचा सुमारे एक तृतीयांश भाग पुराखाली गेला. आपल्या भुसावळकडे समुद्री वादळ नाही, पण रावेर-यावलच्या केळीबागा झोपवणारा वळवाचा वारा विजेचे खांबही सोडत नाही.

पाण्याची गोष्ट हतनूरची. दीपनगरचं वीज केंद्र, आयुध निर्माणी, रेल्वे, सगळ्यांची तहान याच धरणावर. उन्हाळ्यात बाष्पीभवन त्याला आटवतं. पावसाळ्यात पूर्णा वऱ्हाडातली काळी माती घेऊन येते, ती तळाशी बसते आणि साठा दरवर्षी थोडा कमी होतो. धरणाचे ४१ दरवाजे उघडले की बघायला गर्दी लोटते. खाली कोसळणारं ते पाणी चहासारखं गढूळ असतं, आणि शुद्धीकरणाच्या टाकीतही तेच येतं.