डोळ्यात सुई टोचण्याआधीचा तपकिरी थेंब

"बुबुळात सुई खुपसणार?" मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं, तेव्हा मावशीने मला पहिलं हेच विचारलं. बहुतेकांना असंच वाटतं. पण सुई बुबुळात जातच नाही. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतर मोजून ती पांढऱ्या भागातून आत घालतात. त्याहून पुढे भिंगाला धोका, मागे पडद्याला. औषध जेमतेम 0.05 मिलिलिटर, म्हणजे एक थेंब. भुलीमुळे बहुतेकांना फक्त दाब जाणवतो.

खरी भीती जंतूंची. डोळ्यातल्या जेलीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराचे शिपाई तिथे उशिरा पोचतात. असा संसर्ग काही हजार इंजेक्शनांत एखाद्यालाच होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. आणि हे जंतू बहुधा आपल्याच पापण्यांवरचे असतात.

म्हणून सुईआधी डोळ्यात 5 टक्के पोव्हिडोन-आयोडिन घालतात. माझा जीव या तपकिरी थेंबात अडकला आहे. पोव्हिडोन हा लांबलचक रेणू आयोडिनला धरून ठेवतो आणि थोडं थोडं सोडतो. जंतू मारतं ते हे सुटं झालेलं आयोडिन. ते जंतूंच्या प्रथिनांवर आणि आवरणावर एकदमच हल्ला करतं, म्हणून त्याला दाद न देणारे जंतू तयार होणं अवघड. गंमत पुढे आहे. द्रावण पातळ केलं की पोव्हिडोनची पकड सैल होते आणि सुटं आयोडिन वाढतं, 0.1 टक्क्याच्या आसपास ते सर्वाधिक असतं! मग इतकं पातळच का वापरत नाहीत? कारण त्यात साठा कमी. जंतू आणि अश्रूंतली प्रथिनं सुटं आयोडिन संपवत जातात, ते भरून काढायला मागे साठा लागतो. 5 टक्क्यांत तो असतो.

थेंबाला किमान अर्धा मिनिट द्यावा लागतो. भुलीचं घट्ट जेल आधी लावलं तर आयोडिन त्याखालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून आयोडिन जेलच्या आधीही घालावं लागतं. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात, सुईला पापणीचा केस लागू नये म्हणून. डॉक्टर मास्क लावतात आणि त्या क्षणी कुणी बोलत नाही, कारण तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू डोळ्यात फार घातक ठरतात. आपणही गप्प राहायचं.

प्रतिजैविकाच्या थेंबांनी हा धोका कमी होतो असं दिसलेलं नाही. उलट वारंवार घातल्याने हट्टी जंतू माजतात. आणि घरी येऊन "थंडावा" म्हणून गुलाबपाणी किंवा मध डोळ्यात घालणं तर सरळ घातक आहे. ताज्या टोचलेल्या डोळ्यात निर्जंतुक नसलेलं काहीही जाता कामा नये.

सुईच्या जागी लाल डाग दिसला तर घाबरू नका, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. डोळा चुरचुरणं एखादा दिवस चालतं, ते आयोडिनचं. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, उजेड सहन होईना, नजर धूसर झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.