एका जन्मदाखल्याची आठ वर्षं

ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, म्हणून ते राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत, असा एक आरोप होता. बराक ओबामांच्या जन्मदाखल्याचा हा वाद म्हटलं की आज डोनाल्ड ट्रम्प आठवतात. पण ट्रम्प त्यात जोरात उतरले २०११ च्या मार्चमध्ये. तोवर वाद तीन वर्षांचा झाला होता. त्याची स्वतःची भाषा तयार झाली होती, त्याचे स्वयंघोषित हस्ताक्षरतज्ज्ञ तयार झाले होते. आणि हे सगळे तज्ज्ञ तपासत होते ते कागद नव्हे, कागदाचं चित्र.

वादाचं मूळ अमेरिकी राज्यघटनेत आहे. राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर वय किमान ३५, देशातलं वास्तव्य किमान १४ वर्षांचं, आणि उमेदवार 'नॅचरल बॉर्न सिटिझन', म्हणजे जन्मजात नागरिक हवा. या तीन शब्दांची व्याख्या घटनेत नाही, त्यामुळे शंका काढायला वाट कायम मोकळी. १८८० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष झालेल्या चेस्टर आर्थर यांच्याबद्दल आर्थर हिनमन नावाच्या वकिलाने आधी 'हे आयर्लंडमध्ये जन्मले' असं उठवलं, ते टिकेना तेव्हा 'कॅनडात जन्मले' असं सुरू केलं. २००८ मध्ये ओबामांसमोर उभे असलेले जॉन मॅकेन तर खरोखरच देशाबाहेर, पनामा कालव्याच्या अमेरिकी पट्ट्यात जन्मले होते. त्यांच्यासाठी सिनेटने एप्रिल २००८ मध्ये ठराव केला. कोर्टात एक-दोन दावे झाले आणि विषय जवळपास तिथेच मिटला. ओबामांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ चा, हवाईतल्या होनोलुलूचा. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. वडील केनियाचे, मधलं नाव हुसेन. मॅकेनना एक ठराव पुरला आणि ओबामांना दाखल्यांवर दाखले पुरले नाहीत, या फरकाचं कारण घटनेच्या कलमात शोधून सापडणार नाही.

कागद पडद्यावर तपासायची सवय मात्र चार वर्षं आधी लागली होती. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस वाहिनीने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातल्या सेवेबद्दल १९७० च्या दशकातली म्हणून काही टिपणं दाखवली. काही तासांतच ब्लॉगलेखकांनी अक्षरांवर बोट ठेवलं: ही टंकलेखन यंत्राची नव्हेत, मायक्रोसॉफ्ट वर्डची वाटतात. टिपणं अस्सल आहेत असं सांगता येत नाही, हे वाहिनीला कबूल करावं लागलं. हौशी तपासनीसांचा तो मोठा विजय होता. खुर्चीतून न उठता बनावट कागद पकडता येतो, हा आत्मविश्वास तिथून आला.

२००८ च्या वसंतात, डेमोक्रॅटिक उमेदवारीची चुरस ऐन भरात असताना, ओबामा केनियात जन्मल्याचे निनावी ईमेल फिरू लागले. जूनमध्ये प्रचारचमूने दाखल्याचं चित्र संकेतस्थळावर टाकलं. हवाईत नोंदी संगणकावर गेल्यानंतर कुणालाही मिळतो तोच हा छापील उतारा होता, 'सर्टिफिकेशन ऑफ लाइव्ह बर्थ'. वाद शमायच्या ऐवजी त्याला खाद्य मिळालं. उठावदार शिक्का दिसत नाही, सही नाही, घडी पडल्याची खूण नाही, क्रमांक काळा केलाय. शिवाय हे 'सर्टिफिकेशन' आहे, 'सर्टिफिकेट' कुठे आहे? ऑगस्टमध्ये फॅक्टचेक या संस्थेच्या लोकांनी शिकागोतल्या प्रचार कार्यालयात जाऊन तो कागद हातात घेतला, फोटो काढले. शिक्का होता, घडी होती, निबंधकाच्या सहीचा ठसा मागच्या बाजूला होता. स्कॅन फक्त पुढच्या बाजूचं केलेलं होतं.

होनोलुलूच्या दोन वर्तमानपत्रांत ऑगस्ट १९६१ मध्येच जन्माची बातमी छापून आली होती, तीही आरोग्य खात्याकडून आलेल्या यादीतून. हवाईच्या आरोग्य संचालक चियोमे फुकिनो यांनी मूळ नोंद स्वतः पाहिल्याचं ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर केलं. त्यांना नेमणाऱ्या गव्हर्नर लिंडा लिंगल रिपब्लिकन होत्या. उपयोग झाला नाही. ओबामा अपात्र आहेत असा फिलिप बर्ग या वकिलाचा फिलाडेल्फियाच्या कोर्टातला दावा, त्यांना दाद मागण्याचा अधिकारच पोहोचत नाही म्हणून फेटाळला गेला. ऑर्ली टेट्झ या वकीलबाईंनी ऑगस्ट २००९ मध्ये चक्क केनियाचा दाखला कोर्टात सादर केला. त्यावर 'रिपब्लिक ऑफ केनिया' असा मथळा आणि तारीख फेब्रुवारी १९६४ ची. केनिया प्रजासत्ताक झाला तो डिसेंबर १९६४ मध्ये. काही दिवसांतच दक्षिण ऑस्ट्रेलियातला एक जुना दाखला उजेडात आला. मांडणी तीच, पुस्तकाचा आणि पानाचा क्रमांकही तोच. बनावट निघालेला हा दाखला आरोप करणाऱ्यांच्याच बाजूने आला होता.

२७ एप्रिल २०११ ला व्हाइट हाउसने सविस्तर दाखला जाहीर केला. आपल्या नेहमीच्या नियमाला अपवाद करून हवाईने मूळ पानाच्या प्रमाणित प्रती दिल्या होत्या आणि ओबामांच्या वकील त्या आणायला स्वतः गेल्या होत्या. त्याच दिवशी कुणीतरी ती पीडीएफ इलस्ट्रेटर या चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर अक्षरांचे तुकडे वेगवेगळ्या थरांत! झालं, जोडकाम सिद्ध झालं. प्रत्यक्षात फाइल लहान करताना सॉफ्टवेअर ठळक अक्षरं एकीकडे काढतं आणि मागची हिरवी नक्षी दुसरीकडे, जाडीभरडी करून ठेवतं. कुठलंही पान तसं स्कॅन करून पाहिलं तर असेच थर मिळतात, हे ओबामांच्या विरोधातल्याच 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या माणसाने लगेच करून दाखवलं. प्रमाणपत्राच्या शिक्क्यात 'टीएचई'च्या जागी 'टीएक्सई' दिसत होतं, त्यावरही पानंच्या पानं लिहिली गेली. 'ध'चा 'मा' ऐकत वाढलेल्या आपल्याला एका अक्षराचं हे वेड समजू शकतं. पण इथे अक्षर कुणी बदललं नव्हतं, शिक्का नीट उमटला नव्हता.

क्रमांकाची गंमत वेगळीच. ओबामांच्या दाखल्यावर १०६४१, आणि त्याच इस्पितळात दुसऱ्या दिवशी जन्मलेल्या जुळ्या बहिणींच्या दाखल्यांवर १०६३७ आणि १०६३८. आधी जन्मलेल्याचा आकडा मोठा कसा? तर हा आकडा जन्माच्या वेळी नव्हे, कागद निबंधकाच्या कचेरीत जमा झाल्यावर पडायचा. कुठल्याही सरकारी कचेरीत गठ्ठ्यातला कागद खालीवर होतो, हे ज्याला माहीत आहे त्याला यात रहस्य दिसणार नाही.

सविस्तर दाखल्याने काहीच फरक पडला नाही असंही नाही. ओबामा नक्की अमेरिकेत जन्मले असं मानणारे गॅलपच्या पाहणीत ३८ टक्क्यांवरून ४७ वर गेले. म्हणजे कागद समोर असूनही निम्म्याहून अधिकांना ठाम खात्री नव्हतीच.

ट्रम्प यांनी १६ सप्टेंबर २०१६ ला, स्वतःच्या निवडणुकीच्या तोंडावर, ओबामा अमेरिकेतच जन्मले असं एका वाक्यात सांगून टाकलं. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचे शेरीफ जो अर्पायो मात्र थांबले नाहीत. त्यांच्या स्वयंसेवक पथकाने २०११ पासून चालवलेल्या तपासाचा शेवटचा अहवाल १५ डिसेंबर २०१६ ला पत्रकारांपुढे मांडला, तोही पीडीएफवरच्या शिक्क्यांचे कोन मोजून. मूळ नोंद होनोलुलूत आरोग्य खात्याच्या बांधीव खंडात होती. ओबामांच्या कारकिर्दीचे ३६ दिवस उरले होते.