पीएसपी टॅग

पीएसपी टॅग : संगणकावर थरावर थर रचून तयार केलेले, बहुधा एखाद्या व्यक्तीचे नाव मिरवणारे छोटे सजावटीचे चित्र. पार्श्वभूमीपासून कापून वेगळी केलेली एक आकृती, मास्कमधून उमटवलेला कागद, फिल्टरने (चित्रावर ठरावीक परिणाम घडवणाऱ्या आज्ञेने) आणलेला पोत, ब्रशचे ठसे, चौकट आणि शेवटी नाव, असा त्याचा संसार असतो. पीएसपी म्हणजे पेंट शॉप प्रो ही चित्रसंपादन प्रणाली. टॅग करणाऱ्याला टॅगर म्हणतात. ई-मेलच्या तळाशी सही म्हणून, चर्चागटात नावाखाली लावायला किंवा वाढदिवसाची भेट म्हणून टॅग केले जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-बारा वर्षे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, नेदरलँड्स, फ्रान्स, इटली या देशांत हा छंद जोरात होता. त्यात हौशी स्त्रियांचा भरणा मोठा. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले थोडेच, पण थर, मास्क आणि थर एकमेकांत मिसळण्याच्या तऱ्हा यांवर या मंडळींचा हात व्यावसायिकाच्या तोडीने चाले.

पेंट शॉप प्रो ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील जॅस्क सॉफ्टवेअर या कंपनीची निर्मिती. तिचा जनक रॉबर्ट व्होइट. ती शेअरवेअर पद्धतीने मिळे, म्हणजे आधी वापरून पाहा आणि पटली तर पैसे भरा. फोटोशॉपमध्ये थर १९९४ सालीच आले होते, पण त्याची किंमत घरगुती माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९८ मध्ये पेंट शॉप प्रोच्या पाचव्या आवृत्तीत थर आले, पिक्चर ट्यूब आली आणि हलती चित्रे जोडणारे अ‍ॅनिमेशन शॉपही सोबत मिळू लागले. टॅगचा छंद खरा उभा राहिला तो या आवृत्तीनंतर. २००४ मध्ये कोरेलने जॅस्क विकत घेतली. पुढे नव्या आवृत्त्या येत राहिल्या, तरी अनेक टॅगर सातव्या, आठव्या किंवा नवव्या आवृत्तीलाच चिकटून राहिले. हात बसलेला होता आणि मेन्यू कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येत होते. ज्यांना पैसे घालायचे नसत ते गिंप किंवा फ्रान्समधील फोटोफिल्त्र वापरत.

टॅगरच्या सामग्रीत ट्यूबचा मान पहिला. मूळ पिक्चर ट्यूब म्हणजे माऊसच्या एका टिचकीसरशी पान किंवा फुलपाखरू उमटवणारे साधन. टॅगरांच्या बोलीत मात्र पारदर्शक पार्श्वभूमीवर कापून ठेवलेल्या कुठल्याही आकृतीला ट्यूब म्हणू लागले. फोटोतील बाईचे मोकळे केस कापून काढणे हे ट्यूब करणाऱ्याच्या कसबाची परीक्षा असते. कडेला पांढरी किनार राहिली की गडद कागदावर ती लगेच उघडी पडते. दुसरी सामग्री स्क्रॅप किटची: एकाच रंगसंगतीतले कागद, फिती, फुले, बटणे, चौकटी. ही किट्स मुळात डिजिटल स्क्रॅपबुकसाठी होत. त्यांतला पूर्ण आकाराचा कागद १२ इंची, दर इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेलचा असतो. पाच-सहाशे पिक्सेलच्या टॅगला एवढा ऐवज नको, म्हणून ‘टॅगर साइज’ नावाची लहान किट्स वेगळी निघाली.

मास्क ही या कलेतली सर्वांत सुंदर युक्ती. मास्क म्हणजे केवळ काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांचे चित्र. तो एखाद्या थरावर चढवला की पांढऱ्या भागाखालचा रंग पूर्ण दिसतो, काळ्याखालचा लपतो आणि करड्याखालचा त्या छटेच्या प्रमाणात अर्धामुर्धा दिसतो. शून्य ते २५५ अशा २५६ पायऱ्या असल्यामुळे कडा हवी तितकी विरत नेता येते. रांगोळीचा छाप जे करतो तेच हे, फक्त छापाला भोक असते किंवा नसते आणि मास्कला अर्धे भोकही चालते. फाटक्या कागदाची कड, कोरड्या कुंचल्याचे फटकारे, चौकोनांची जाळी, वेलबुट्टी अशा नमुन्यांचे मास्क टॅगर स्वतः करून वाटत.

पेंट शॉप प्रोमध्ये हे काम असे चाले. पांढऱ्या तळावर कागदाचा थर ठेवायचा, ‘लोड मास्क फ्रॉम डिस्क’ उघडायचे, यादीतून मास्क निवडून ‘सोर्स ल्युमिनन्स’वर, म्हणजे मास्कच्या उजळपणानुसार दाखव-लपव करणाऱ्या पर्यायावर, खूण करायची. थरांच्या पट्टीत मास्क आणि कागद यांचा एक गट बनतो. मग ‘मर्ज ग्रुप’ म्हणायचे. हे म्हणायला विसरले की पुढची छाया किंवा फिल्टर भलत्याच थरावर बसते, आणि नवशिक्यांच्या निम्म्या शंका इथेच उगवतात. कड फारच फिकी वाटली तर त्या थराची प्रत काढून वर ठेवतात. पारदर्शकता एकावर एक साचते आणि रंग भरीव होतो.

फिल्टरचे जग फोटोशॉपने उघडले, पण ८बीएफ या त्याच्या प्लगइनच्या (मूळ प्रणालीला बाहेरून जोडायच्या छोट्या प्रणालीच्या) साच्याला पेंट शॉप प्रोनेही दार उघडून दिले, म्हणून एकाच फिल्टरवर दोन्हीकडची मंडळी काम करू शकली. एलियन स्किनचा आय कॅन्डी काच, आग, धातू यांचे आभास देई. फ्लेमिंग पेअरचा फ्लड चित्राच्या तळाशी पाणी आणि त्यातले प्रतिबिंब घाली. जपानमधून आलेल्या मुराज मायस्टरमध्ये ‘कॉपीज’ आणि ‘पर्स्पेक्टिव्ह टायलिंग’ होते. दुसऱ्याने कुठलाही नमुना क्षितिजाकडे पसरत गेलेल्या फरशीसारखा मांडता येई. याशिवाय फोटोशॉपबरोबर येणाऱ्या फिल्टर फॅक्टरीत हौशी लोक सूत्रे लिहून स्वतःचे फिल्टर काढत. अशा फुकट फिल्टरांची संख्या इतकी झाली की त्यांना एका छताखाली आणणारा फिल्टर्स अनलिमिटेड हा स्वतंत्र प्लगइन टॅगरांच्या संगणकात असणे जवळजवळ सक्तीचे झाले.

युरोपातील टॅगरांनी फिल्टरांचा वापर फार पुढे नेला. त्यांची ठरलेली तऱ्हा अशी: आकृतीची ट्यूब आधी सबंध कॅनव्हासवर ताणायची, ‘गॉशन ब्लर’ या धूसर करणाऱ्या फिल्टरने तिचा पार चिखल करायचा आणि त्या चिखलावर एकामागून एक फिल्टर चालवून पार्श्वभूमी घडवायची. रंग आकृतीतूनच आलेले असल्यामुळे मूळ ट्यूब पुन्हा वर ठेवली की ती परकी वाटत नाही. अमेरिकी धाटणीचा टॅग याउलट किटच्या कागदांवर आणि फुलांवर उभा असतो. तो पटकन होतो, गोडही दिसतो. मात्र दहा टॅग पाहिल्यावर अकरावा कसा असेल ते कळते. कसाच्या दृष्टीने युरोपीय पद्धत उजवी मानावी लागेल.

ब्रशबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. रेघोट्या, शाईचे डाग, जुन्या पत्रातील हस्ताक्षर, पोस्टाचे शिक्के असे ठसे पार्श्वभूमीवर हलक्या हाताने मारायचे. फोटोशॉपची ब्रशफाइल कित्येकदा पेंट शॉप प्रोमध्ये उघडत नसे, म्हणून ठसे पीएनजी (पारदर्शकता राखणारा चित्रफाइलचा साचा) करून वापरले जात.

टॅगला खोली येते ती छायेमुळे. ‘ड्रॉप शॅडो’त चार आकडे असतात: उभे अंतर, आडवे अंतर, गडदपणा आणि धूसरता. २, २, ५०, ५ असे काही ठरीव आकडे टॅगरांना पाठ असत. कागदाला कमी, फुलाला जास्त, आकृतीला त्याहून जास्त असे चढत गेले की चपट्या पडद्यावर थर उचलल्यासारखे दिसतात. सगळ्यांना एकच काळीकुट्ट छाया दिली, किंवा एका फुलाची उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे पडली, की मेहनत वाया जाते.

हलत्या टॅगची कृती अगदी सोपी आहे. चकाकी हवी असलेल्या थराच्या तीन प्रती करतात आणि ‘अ‍ॅड नॉइज’ने पहिलीवर ३०, दुसरीवर ३५, तिसरीवर ४० टक्के दाणे टाकतात. एका वेळी एकच प्रत उघडी ठेवून ‘कॉपी मर्ज्ड’ करायचे, म्हणजे दिसणारे सगळे थर एकत्र उचलायचे, आणि अ‍ॅनिमेशन शॉपमध्ये चौकटीमागून चौकट (हलत्या चित्राची एकेक फ्रेम) चिकटवायची. तिथे वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. १० ठेवले तर नाव चकाकते. फाइल जीआयएफ होते, आणि तिथे तडजोड करावी लागते. १९८७ च्या या साच्यात एका चौकटीला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात आणि पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण गायब होतो. त्यामुळे मास्कची विरती कड जीआयएफमध्ये करवतीसारखी होते. स्थिर टॅगला पीएनजीचा मार्ग होता, पण इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला पीएनजीची अंशतः पारदर्शकता धड दाखवता येत नसे. पांढऱ्या तळावरचे इतके टॅग दिसतात त्यामागे आवडीपेक्षा ही अडचण जास्त होती.

टॅगची विद्या पसरली ती ‘ट्युटोरियल’मधून, म्हणजे पायरीपायरीने लिहिलेल्या कृतीतून. साहित्य, मेन्यूतला मार्ग, फिल्टरचे आकडे, पुढची पायरी, अशी तिची कोरडी भाषा. एकाच कृतीचे फ्रेंच, डच, इटालियन, इंग्रजी अवतार मूळ लेखिकेची परवानगी घेऊन निघत. पानावर बाण किंवा फूल अशी एक छोटी खूण दिलेली असे. माऊसने धरून ती जिथवर काम झाले त्या ओळीशी आणून ठेवायची, म्हणजे पडदा बदलून परत आल्यावर जागा सापडते. मूळ टॅगची नक्कल करणे हा शिकण्याचा भाग असला, तरी ट्यूब आणि रंग स्वतःचे घालावेत असा रिवाज होता.

हक्कांच्या बाबतीत हा समाज आश्चर्य वाटावे इतका काटेकोर होता. सुरुवातीला दिसेल ते चित्र कापून वापरले जाई. चित्रकारांनी हरकत घेतल्यावर परवान्याची पद्धत आली: ट्यूब विकत घ्यायची, आपला परवाना क्रमांक मिळवायचा आणि टॅगवर चित्रकाराचे नाव, त्याचे संकेतस्थळ आणि तो क्रमांक बारीक पिक्सेल अक्षरांत लिहायचा. ही ओळ नसलेला टॅग गटात स्वीकारत नसत. किट्सचीही फुकटची आणि विकतची अशी उघड वर्गवारी होती. नफ्याची गोष्ट नसलेल्या छंदात एवढी शिस्त क्वचितच आढळते.

या टॅगांचा मोठा भाग आज पाहायला मिळत नाही. २००९ मध्ये एमएसएन ग्रुप्स हे चर्चागट आणि घरगुती संकेतपानांचे जिओसिटीज बंद पडले, २०२० अखेर याहू ग्रुप्सचे चर्चागट गेले. चित्रे साठवून ठेवणाऱ्या फोटोबकेट या संकेतस्थळाने २०१७ मध्ये इतर संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्याची फुकट सोय काढून घेतली आणि हजारो पानांवर टॅगच्या जागी एकच सूचनाचित्र झळकू लागले. जुने ३२ बिटी फिल्टर चित्रसंपादन प्रणालीच्या ६४ बिटी आवृत्तीत चालत नाहीत. त्यामुळे जुन्या कृती आजही करू पाहणारे लोक मुद्दाम जुनी आवृत्ती सांभाळून असतात.

भारतात ही हौस पोहोचली ती ऑर्कुटमधून. २००४ ते २०१४ या काळातील त्या संकेतस्थळावर मित्राच्या स्क्रॅपबुकात चमचमते ‘गुड मॉर्निंग’ किंवा दिवाळीचे चित्र चिकटवणे हा नित्यक्रम होता, मात्र बहुतेक जण तयार चित्राचा कोड उचलून डकवत. मराठीत स्वतः टॅग करायचा तर अक्षरांपाशी घोडे अडे. त्या वेळच्या बऱ्याच चित्रसंपादन प्रणालींत युनिकोड देवनागरी टाकली की जोडाक्षरे फुटत आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाई. उपाय म्हणजे युनिकोड न वापरणारे श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट.

महाराष्ट्रात आज याच जातीचे काम ‘बॅनर एडिटिंग’ या नावाने मोबाइलवर चालते. पिक्सेलॅब आणि पिक्सआर्ट ही त्याची साधने. ट्यूबला इथे ‘पीएनजी’ म्हणतात आणि थरांसकट तयार रचना ‘पीएलपी फाइल’ म्हणून वाटली जाते. शिवजयंती, गणपती, गावातल्या कुणा दादांचा वाढदिवस यांची बॅनरे गावोगावची मुले यूट्यूबवरच्या मराठी कृती पाहून करतात. भगव्या धुराची पीएनजी, ढगांची विरती कड, नावाला सोनेरी पोत आणि मागे प्रकाशाचा झोत ही त्यांची ठरलेली सामग्री. चित्रकाराच्या हक्काची ओळ तेवढी या बॅनरांवर नसते; तळाच्या कोपऱ्यात बहुधा एडिटिंग करणाऱ्याचे किंवा फ्लेक्स छापणाऱ्याचे नाव आणि मोबाइल नंबर असतो.