कोळंबी, काजू आणि बांगडा: ॲलर्जीची तपासणी कुणाची, कोणती?

कोळंबीचं कालवण जेवून हात धुतले आणि पंधरा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या. काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांची सालं निघू लागली. बाजारातून उशिरा आणलेला बांगडा खाल्ला आणि घरातल्या सगळ्यांचेच चेहरे लालबुंद झाले. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत तिन्ही तक्रारी डॉक्टरांपुढे एकाच नावाने येतात: ॲलर्जी. पण तिन्हींची कारणं वेगळी. म्हणून तपासणीला जाताना सगळ्यात मोलाची असते ती तुमची हकीगत: काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, आणखी कुणाला झाला का.

कोळंबीच्या त्रासामागे बहुतेकदा ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असतं. त्याच्याविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुढच्या वेळी कोळंबी पोटात गेली की पेशींमधून हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सुटतं. हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. कोळंबी कितीही शिजवा, सुकवून सोडे करा, ते टिकून राहतं. कुर्ल्यांमध्येही जवळपास तेच असतं.

इथे स्किन प्रिक टेस्ट कामाची. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेजवळ अर्काचा एक थेंब ठेवतात आणि थेंबातून बारीक टोक त्वचेच्या अगदी वरच्या थरात टोचतात. सहसा रक्त येत नाही, लहान मुलंही सहन करतात. एक थेंब हिस्टामिनचा असतो, तिथे फुगवटा यायलाच हवा. एक मिठाच्या पाण्याचा, तिथे येता कामा नये. १५ ते २० मिनिटांनी पट्टीने मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा फुगवटा किमान ३ मिलिमीटर मोठा असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह. खाज सुटते, पण थोड्या वेळाने बसते. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात, नाहीतर हिस्टामिनची खूणही उठत नाही. सर्दीच्या औषधांतही अशी द्रव्यं असतात, तीही सांगा. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका. गोळ्या थांबवणं शक्य नसेल तर रक्तातलं आयजीई तपासतात.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे ॲलर्जी ठरली, असं मात्र नाही. कोकणच्या दमट हवेत गाद्या-उशांत धुळीतले सूक्ष्म किडे भरपूर वाढतात, आणि त्यांचं ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या प्रथिनाशी मिळतंजुळतं असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं सुखाने कोळंबी खाणाऱ्याचीही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. कागदावरच्या आकड्यामुळे अशा माणसाचं ताट रिकामं करणं मला अन्यायाचं वाटतं. शंका उरलीच तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडं थोडं खायला देऊन पाहतात. शेकडो पदार्थांची पॅकेजं, विशेषतः आयजीजी (दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं) मोजणारी, घेऊच नका. आयजीजी आपण तो पदार्थ खाल्ल्याचं सांगतं, ॲलर्जीचं नाही.

काजूच्या टरफलातल्या तेलाची गोष्ट निराळी. बिब्बा उततो तसंच ते उततं, आणि आंब्याच्या चिकाचंही नातं याच कुळाशी. हात भाजल्यासारखे होतात ते काही अंशी तेलाच्या दाहकपणामुळे. ॲलर्जीची प्रतिक्रिया मात्र एक-दोन दिवसांनी दिसते, त्यात आयजीईचा हात नसतो. म्हणून प्रिक टेस्ट इथे निरुपयोगी. संशयित द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवतात, काढल्यावर पाहतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. पाठ ओली करायची नाही, घाम गाळायचा नाही. त्यामुळे जमलं तर एप्रिल-मेऐवजी थंडीतली तारीख मागा.

आणि बांगडा? मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन या घटकाचं हिस्टामिन करतात, आणि तळून-शिजवून ते जात नाही. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, छाती धडधडणं ही लक्षणं हुबेहूब ॲलर्जीची, पण ही विषबाधा. बांगड्याची प्रिक टेस्ट निगेटिव्ह येते आणि ताजा बांगडा पुन्हा खाता येतो. कारण काहीही असो, घसा आवळला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर आमसुलाच्या पाण्यावर थांबू नका. तेव्हा ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, सरळ रुग्णालय गाठा.