पस्तीस किलोंची बाकी

दसऱ्याच्या आसपास लातूर भागात सोयाबीनची रास होते. समजा, एका शेतकऱ्याला १,३८५ किलो माल झाला आणि तो ५० किलोंच्या कट्ट्यांत भरायचा आहे. भागाकार २७, बाकी ३५. इथवर चौथीतले पोरही बिनचूक येते. अडते ते यापुढे. बारदाना किती आणायचा असे विचारले तर उत्तर २८ येते, कारण उरलेला माल खळ्यावर उघडा टाकता येत नाही. पूर्ण भरलेले कट्टे किती असे विचारले तर २७. आणि पूर्ण कट्टे बाजारात नेल्यावर पेरणीसाठी घरी काय राहील असे विचारले तर ३५ किलो, म्हणजे एकरी साधारण ३० किलो बियाणे धरले तर एका एकराची सोय. हाच माल दोन भावांत वाटताना ६९२ किलो प्रत्येकी आणि बाकी १ असे कोणी म्हणत नाही, तो किलोही अर्धा-अर्धा होतो. धान्य मोडता येते, बैल मोडता येत नाही.

मुलांचा गोंधळ होतो तो बहुधा एककात. वरच्या उदाहरणात २७ हे कट्टे आहेत, तर ३५ हे किलो, म्हणजे बाकी भाज्याच्या एककात उरते. कॅल्क्युलेटर २७.७ दाखवतो तेव्हा ‘सात उरले’ असे पुष्कळ मुले सांगतात. प्रत्यक्षात तो ०.७ कट्टा आहे, आणि त्याला ५० ने गुणले की तेच ३५ किलो हाती लागतात. वहीत ‘बाकी ३५’ असे नुसते लिहून गुण देण्याची आपली रीत या गोंधळाला खतपाणी घालते, असे मला वाटते.

ही अडचण आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले, तीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर १,१२८ सैनिकांना किती बस लागतील. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, पण ३२ हे उत्तर २३ टक्क्यांनीच दिले. २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले आणि १८ टक्क्यांनी ३१ लिहून बारा सैनिकांना रस्त्यावरच सोडले.

कधी मात्र भागाकार सोडून द्यायचा असतो आणि बाकी हेच उत्तर असते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या काळात २९ फेब्रुवारी आल्याने पहिल्या वर्षाचे ३६६ दिवस आणि पुढचे ३३, असे एकूण ३९९ दिवस होतात. त्यांना ७ ने भागले की ५७ आठवडे येतात, पण वार काढताना त्या ५७ चा काही उपयोग नाही. बाकी १ आली असती तर शनिवार, २ आली असती तर रविवार. ती शून्य येते, म्हणजे तोही शुक्रवारच होता.