गिटारवरचे साधे कॉर्ड बदल

गिटारवर एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर ताल न तुटता जाणं म्हणजे कॉर्ड बदलणं, शिकणारे याला नुसतं चेंज म्हणतात. निदान तीन वेगवेगळे सूर एकदम वाजले की कॉर्ड होतो. कॉर्डची बोटं कुठं ठेवायची हे चित्र बघून तासाभरात कळतं, खरे दिवस जातात ते एकातून दुसऱ्यात जाण्यात, आणि बहुतेक लेकरं गिटार सोडून देतात ती याच टप्प्यावर.

मराठवाड्यात शिकणाऱ्यांची एक मोठी जमेची बाजू आहे. गावात भजनी मंडळ असतं, सप्त्यात पेटी-पखवाज ऐकलेला असतो, एप्रिलमधे भीमगीतं कानावर पडलेली असतात, त्यामुळं सा कुठंय आणि समेवर कधी यायचं हे कानाला न शिकवता माहीत असतं. हा कान कॉर्ड शिकताना वापरायलाच पाहिजे. सी मेजर म्हणजे पांढरी एकचे सा ग प, आणि ए मायनर म्हणजे त्याच पट्टीतले ध सा ग, एवढं पेटीवर एकदा दाबून बघितलं की अर्धी भीती जाते.

सुरुवात याच दोघांपासून करावी असं माझं ठाम मत आहे. गिटारची सगळ्यात बारीक तार पहिली आणि सगळ्यात जाड सहावी. दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांनी पडलेल्या एकेका घराला फ्रेट म्हणतात, पहिला फ्रेट खुंट्यांकडचा. ए मायनरला तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. आता सीला जायचं तर तर्जनी आणि मधलं बोट हलवायचंच नाही, फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. कानाने बघा काय झालं ते, तर्जनीखाली सा आहे आणि मधल्या बोटाखाली ग, हे दोन सूर दोन्ही कॉर्डमधे आहेत म्हणून ती बोटं जागेवर राहिली, आणि अनामिका उठली तशी तिसरी तार मोकळी झाली अन् धचा प झाला. हाताची हालचाल आणि सुरांची हालचाल एकच आहे. नवख्याची तर्जनी इथं हमखास आडवी पडते आणि पहिली तार दबून मुकी होते, तेव्हा बोटाचं टोक उभं ठेवायचं, डाव्या हाताची नखं कापायची आणि बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून अलीकडं ठेवायचं, म्हणजे कमी जोरातही तार स्वच्छ वाजते. या दोन्ही कॉर्डचे सगळे सूर भूपाच्या सा रे ग प ध मधेच बसतात, म्हणून भूपातली साधी चाल गुणगुणत हा बदल घोटता येतो (रागसंगीताला कॉर्ड लागत नाहीत हे खरं, पण सरावाला कुणाची हरकत नसावी).

नंतर जी. याची अनेक बोटं सांगतात, पण सीवरून येताना अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्याच्या दुसऱ्यावर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर ठेवणं सोपं, कारण अनामिका आणि मधलं बोट आहे त्या आकारात जोडीनं एकेक तार वर सरकतात. करंगळी सुरवातीला ऐकत नाही, पंधरा दिवसात ऐकायला लागते. ई मायनरहून जीला येताना मधलं बोट पाचव्या तारेवर जागचं हलत नाही. डी मात्र त्रासाचा, जीवरून जाताना सगळीच बोटं उठतात, त्यात आधी अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकवायची आणि बाकीची दोन तिच्या मागं आणायची.

उजवा हात थांबू द्यायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. बरेचजण डावी बोटं बसेपर्यंत स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून हात फिरवणं, थांबवतात आणि मग थांबायचीच सवय लागते. तबल्याच्या ॲपवर केरवा लावा, लय ६० ठेवा (मिनिटाला ६० मात्रा), आठ मात्रा एक कॉर्ड आणि पुढच्या समेवर दुसरा. आठव्या मात्रेला बोटं उचलली आणि मोकळ्या तारा वाजल्या तरी चालतं, सम चुकायला नको. लातूरला किंवा संभाजीनगरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करणाऱ्यांनी तर रात्री उजवा हात तारांना लावायचाच नाही, नुसती डावी बोटं उचलायची अन् ठेवायची, आवाज होत नाही आणि बदल पक्का होतो.

गाणारा पेटीच्या पट्टीत बोलतो, काळी एक, काळी दोन वगैरे, तिथं कॅपो, म्हणजे दांड्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, कामाला येतो. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीची बोटं, काळी दोनला तिसऱ्यावर लावून तीच बोटं, काळी चारला पहिल्यावर लावून जीची बोटं. म्हणजे चार-पाच कॉर्ड आले की भजनाला साथ करता येते.

इकडचा उन्हाळा गिटारला सोसत नाही. पारा चाळीसच्या वर गेला की पत्र्याच्या खोलीत तारा उतरतात, लाकूड सुकतं, दांडा थोडा हलतो आणि कालपर्यंत नीट वाजणारी तार खर्रर्र करायला लागते, मग लेकराला वाटतं आपलीच बोटं चुकायलीत. म्हणून बसल्याबसल्या आधी ट्यूनर लावावा, गिटार उन्हाच्या भिंतीला टेकवून किंवा बंद गाडीत ठेवू नये, आणि तारा बोटाला फारच उंच लागत असतील तर दुकानातून सेट करून घ्यावी.

एफ या यादीत मुद्दाम घेतला नाही. त्याला तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबावी लागते आणि तेवढी ताकद यायला वेळ लागतो. तोवर एफ मेजर सेव्हन धरावा, सीवरून अनामिका आणि मधलं बोट एकेक तार खाली आणलं, पहिली तार मोकळी ठेवली आणि वरच्या दोन जाड तारा सोडून वाजवलं की तो होतो.