नंबर रिटायर झाला की नुसती जर्सी टांगली?

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि त्याच्याबरोबर एक ठरलेला वादही. पहिल्या वर्षाच्या कुठल्या तरी पोराला असा नंबर मिळतो, जो अरीनाच्या छताला आधीच टांगलेला आहे. मग लगेच बोंब: रिटायर केलेला नंबर दिलाच कसा? बहुतेक वेळा तो नंबर रिटायर झालेलाच नसतो. छताला जर्सी टांगणं आणि नंबर वापरातून काढणं हे दोन वेगळे सन्मान आहेत. पहिला म्हणजे आदर, दुसरा म्हणजे बंदी. बातम्या देणारे मात्र दोन्हींना ‘जर्सी रिटायर’ म्हणून मोकळे होतात.

रिटायर केलेल्या नंबरबद्दल फार सांगायला नको. तो नंबर त्या संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही, संपलं. एवढंच ध्यानात ठेवायचं की हे त्या खेळापुरतं आणि त्या संघापुरतं असतं. आयोवा विद्यापीठाने २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिचा २२ नंबर रिटायर केला, तो महिला बास्केटबॉलमध्ये. पुरुषांच्या संघातला किंवा (अमेरिकन) फुटबॉलमधला २२ नंबर ही निराळी गोष्ट आहे. तो कुणाच्या पाठीवर दिसला म्हणून क्लार्कचा अपमान होत नाही.

लोक अडकतात ते दुसऱ्या प्रकारात. त्याला ‘ऑनर्ड जर्सी’ म्हणतात. खेळाडूच्या नावाची आणि नंबरची जर्सी छताला कायमची टांगली जाते, समारंभ होतो, घरच्यांना बोलावलं जातं, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. आणि पुढच्या हंगामात तोच नंबर घालून दुसरा खेळाडू उतरतो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही समारंभ सारखेच दिसतात, म्हणून तर घोळ होतो.

हा फरक समजून घ्यायला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठासारखं उदाहरण नाही, कारण तिथे दोन्ही सन्मानांचे निकष स्पष्ट आहेत. जर्सी टांगायची तर पुढीलपैकी एक गोष्ट पुरते: ऑल-अमेरिकाच्या (म्हणजे देशातल्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या) पहिल्या किंवा दुसऱ्या संघात निवड, कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरणं, राष्ट्रीय विजेत्या संघाचा किंवा राष्ट्रीय स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरणं, नाहीतर ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघात असणं. नंबर रिटायर करायचा तर अट एकच आणि ती कडक: देशातल्या वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान्यताप्राप्त पुरस्कार. त्यामुळे तिथे चाळीसहून जास्त जर्सी टांगलेल्या असल्या तरी रिटायर झालेली नावं फक्त आठ आहेत. त्यातल्या जॅक कॉबच्या काळात जर्सीवर नंबरच नव्हता, म्हणजे प्रत्यक्षात बंद झालेले नंबर सात: १०, १२, २०, २३, ३३, ५० आणि ५२.

आता १९९८ चा त्यांचा संघ घ्या. अँटवन जेमिसन ३३ नंबर घालायचा, व्हिन्स कार्टर १५. दोघंही ऑल-अमेरिका, दोघंही त्याच वर्षी एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेले, ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात) चौथा आणि पाचवा, आणि त्याच रात्री त्यांची एकमेकांशी अदलाबदलही झाली. पुढे जास्त गाजला तो कार्टर. २२ हंगाम खेळला, २०२४ मध्ये बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात टोरंटो रॅप्टर्सने त्याचा १५ नंबर रिटायर केला. विद्यापीठात मात्र ३३ बंद आहे आणि १५ चालू. जेमिसनला १९९८ चा राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला होता, कार्टरला नाही. कार्टरची जर्सी छताला आहे आणि खाली गॅरिसन ब्रुक्ससारखे खेळाडू १५ घालून खेळून गेले. यात कुणाचं काही चुकलं नाही. एनबीएतली कारकीर्द या हिशेबात धरतच नाहीत. मायकेल जॉर्डनचा २३ बंद आहे तोही कॉलेजातल्या पुरस्कारामुळे. शिकागोतली सहा विजेतेपदं ही नंतरची गोष्ट.

असे दोन दर्जे ठेवावेच का लागले? उत्तर साधं अंकगणित आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. कॉलेज बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षं जर्सीवर फक्त ० ते ५ हेच अंक चालायचे. रेफरीला फाउल करणाऱ्याचा नंबर स्कोअररच्या टेबलाकडे हाताच्या बोटांनी दाखवायचा असतो, एका हाताने एक अंक. एका हाताला बोटं पाच, त्यामुळे ६, ७, ८, ९ बाद. उरले ०, ००, १ ते ५, १० ते १५, २० ते २५, ३० ते ३५, ४० ते ४५ आणि ५० ते ५५. एकूण ३७. त्यातही ० आणि ०० एका संघात एकाच वेळी चालत नसत, म्हणजे कामाला येणारे ३६. नॉर्थ कॅरोलायनाने टांगलेल्या प्रत्येक जर्सीचा नंबर बंद केला असता, तर पंधरा जणांच्या संघाला घालायला काय उरलं असतं? म्हणून टांगा खुशाल, पण बंद करताना हात आखडता घ्या, असं धोरण आलं. २०२३-२४ च्या हंगामापासून ० ते ९९ सगळे नंबर चालतात, त्यामुळे ही टंचाई आता संपली आहे. पण धोरणं बनली ती टंचाईच्या काळात आणि ती अजून तशीच आहेत.

केंटकी विद्यापीठाची रीत आणखी गोंधळात टाकणारी. ते सरळ म्हणतात, आम्ही जर्सी रिटायर करतो, नंबर नाही. त्यांच्या रप अरीनाच्या छताला ढीगभर जर्सी आहेत आणि त्यातले नंबर रोज वापरात आहेत. धोरण म्हणून हे उत्तम आहे, पण त्याला ‘रिटायर’ म्हणायचा हट्ट का, हे कळत नाही. जे बंद होत नाही त्याला रिटायर म्हणायचं आणि मग दर दोन वर्षांनी खुलासे करत बसायचं. ‘ऑनर्ड’ म्हटलं असतं तर निम्मे वाद झालेच नसते.

कनेक्टिकटने उलटा प्रवास केला. आधी ‘हस्कीज ऑफ ऑनर’ नावाची भिंतीवरच्या फलकांची योजना होती, तिच्यात नंबर बंद होत नसे. नंतर ठरलं की नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्यांचा नंबर बंद करायचा, आणि २०१९ च्या मार्चमध्ये रिबेका लोबोचा ५० व रे अ‍ॅलनचा ३४ रिटायर झाले. म्हणजे तिथे एकाच खेळाडूला आधी फलक आणि पुढे बंदी, असे दोन्ही मान मिळू शकतात. ड्यूकची अट वेगळीच: नंबर रिटायर व्हायचा तर पदवी पूर्ण केलेली पाहिजे. एका वर्षात एनबीएत पळणारे कितीही मोठे झाले तरी त्या यादीत बसत नाहीत. जे विलियम्सने तीन वर्षांत पदवी संपवली, म्हणून त्याचा २२ तिथे आहे. ही अट लोकांना जुनाट वाटते. पण मान विद्यापीठ देणार असेल, तर त्याने विद्यापीठाचं काम पूर्ण झालं का हे विचारणं मला तरी रास्तच वाटतं.

फुटबॉलमध्ये गणित निराळं. नंबर ० ते ९९ (० ला परवानगी २०२० पासून), पण खेळाडू शंभराच्या आसपास. म्हणून एक नंबर दोघांना देता येतो, फक्त दोघं एकाच वेळी मैदानात नकोत. शिवाय आक्रमक फळीतल्या पाच लाइनमनना (चेंडू घेणाऱ्यांसाठी वाट मोकळी करणाऱ्यांना) ५० ते ७९ मधलेच नंबर लागतात. म्हणून या पट्ट्यातला नंबर बंद केला की तो जास्त सलतो. इलिनॉयने दोनच नंबर रिटायर केले, रेड ग्रेंजचा ७७ आणि डिक बटकसचा ५०, आणि दोन्ही नेमके याच पट्ट्यात. गंमत म्हणजे ग्रेंज लाइनमन नव्हताच. तो चेंडू घेऊन पळणारा. आजच्या नियमात ७७ घालून त्याला पास झेलायचीही परवानगी मिळाली नसती.

‘रिटायर म्हणजे कायमचं’ हेही अर्धंच खरं. बऱ्याच ठिकाणी ज्याचा नंबर, त्याच्या हातात किल्ली असते. बास्केटबॉलपटू केव्हिन लव्ह २००७ मध्ये यूसीएलएत (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात) आला तेव्हा ४२ नंबर वॉल्ट हॅझर्डच्या नावाने रिटायर झालेला होता. हॅझर्डने संमती दिली आणि लव्ह तो हंगामभर घालून खेळला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ मध्ये फुटबॉलपटू जॉर्डन अ‍ॅडिसनला ३ मिळाला तो कार्सन पामरच्या होकाराने. इथे ओरडणाऱ्यांनी आधी संमती होती का हे पाहावं. टांगलेलं उतरवताही येतं: याच विद्यापीठाने रेजी बुशचा ५ नंबर २०१० मध्ये नियमभंगाच्या कारवाईनंतर कोलिझियम या आपल्या स्टेडियममधून काढला होता.

मिशिगन विद्यापीठाने तर फुटबॉलमध्ये धोरणच उलटवलं आणि परत सुलटवलं. २०११ मध्ये ‘लेजंड्स’ योजना आली. पहिला मान डेस्मंड हॉवर्डच्या २१ चा, मग पूर्वी रिटायर झालेले नंबर एकेक करून बाहेर आले: विस्टर्ट भावांचा ११ (तिघांनीही तोच घातला होता), बेनी ऊस्टरबानचा ४७, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्डचा ४८, रॉन क्रेमरचा ८७ आणि टॉम हार्मनचा ९८. जर्सीवर मूळ खेळाडूच्या नावाची पट्टी शिवायची आणि नंबर निवडक खेळाडूला द्यायचा. २०१३ मध्ये क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर ९८ घालून खेळला, ते काहींना खटकलं, काहींना भावलं. २०१५ मध्ये योजना गुंडाळली आणि जुने नंबर पुन्हा बंद. माझ्या मते मोडीत काढायला नको होती अशी ती योजना. ९८ कुणाचा होता हे तपासायला त्या दोन वर्षांत जितके लोक गेले असतील, तितके बंद नंबरासाठी कधी जात नाहीत.

सिराक्यूज विद्यापीठाच्या फुटबॉलमधल्या ४४ चंही तेच. जिम ब्राउन, त्याच्यानंतर एर्नी डेव्हिस (१९६१ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार, ती जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू), मग फ्लॉइड लिटल. या नंबराचं वजन आलं ते एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यातून. विद्यापीठाच्या पिनकोडाचा शेवटही ४४ ने होतो, १३२४४. २००५ मध्ये तो रिटायर केला आणि ती साखळी तिथेच थांबली.

यूसीएलएचा ४२ हे सगळ्या नियमांना अपवाद असलेलं प्रकरण. २०१४ मध्ये बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानार्थ तो सर्व खेळांत एकदमच बंद झाला. रॉबिन्सनने तिथे चार खेळ गाजवले, पण फुटबॉलमध्ये तो २८ घालायचा आणि बास्केटबॉलमध्ये १८. ४२ हा त्याचा ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघातला नंबर, जो बेसबॉलच्या मेजर लीगने १९९७ मध्येच सगळ्या संघांत बंद केला होता. म्हणजे ज्या नंबरात तो विद्यापीठासाठी खेळलाच नाही, तो विद्यापीठाने रिटायर केला. रॉबिन्सनसाठी ते चालतं. दुसऱ्या कुणासाठी हा पायंडा पाडू नये.

बाकीच्या मानांचा घोळ फारसा नसतो. विद्यापीठाचा हॉल ऑफ फेम म्हणजे नावांची यादी, दर वर्षी वाढणारी. ‘रिंग ऑफ ऑनर’ म्हणजे स्टेडियमच्या कडेने लावलेली नावं, नंबराशी बहुधा संबंध नाही. पुतळा म्हणजे पुतळा. मिसिसिपी विद्यापीठाने आपला जुना फुटबॉलपटू आर्ची मॅनिंगच्या १८ नंबरावरून कॅम्पसची वेगमर्यादाच ताशी १८ मैल ठेवली आहे. तिचा मात्र गैरसमज होणं अवघड आहे.

घाईचा मान हा वेगळा रोग. कोलोराडो विद्यापीठाने एप्रिल २०२५ मध्ये फुटबॉलपटू शेड्यूर सँडर्सचा २ आणि ट्रॅव्हिस हंटरचा १२ रिटायर केले, तेव्हा दोघांचा ड्राफ्टसुद्धा व्हायचा होता. हंटरकडे हाइझमन आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आवेश ओसरायला चार-पाच वर्षं जाऊ द्यायला काय हरकत होती? जर्सी लगेच टांगा, ती उद्या हलवता येते. नंबर बंद करण्याची घाई करू नका. तो पुन्हा उघडायचा म्हणजे कुणाच्या तरी घरी जाऊन परवानगी मागावी लागते.

कुठल्याही खेळाडूचं नक्की काय झालंय हे पाहायचं असेल तर बातमीचा मथळा वाचू नका. त्यानंतरच्या चार-पाच हंगामांच्या संघयाद्या काढा आणि तो नंबर कुणाकडे होता ते बघा. कुणाकडे तरी असेल, तर बहुधा फक्त जर्सी टांगलेली आहे. लागोपाठ रिकामा दिसला, तर विद्यापीठाच्या मीडिया गाइडमध्ये (पत्रकारांसाठीच्या माहितीपुस्तिकेत) त्या खेळाच्या पानावर ‘रिटायर’ आणि ‘ऑनर्ड’ अशा दोन याद्या आहेत का ते तपासा, कारण नंबर नुसता योगायोगानेही रिकामा राहतो. निर्णयानंतरच्या पहिल्या काही वर्षांवर मात्र फार विसंबू नका. नंबर बंद होतो तेव्हा तो आधीपासून घालणाऱ्याला सहसा कारकीर्द पूर्ण करू देतात. यूसीएलएने ४२ बंद केला तेव्हाही तसंच केलं, आणि त्यामुळे पुढची काही वर्षं तो तिथल्या मैदानावर रीतसर दिसत राहिला.